'आदर्श ख्रिस्ती कुटुंब'ची फिरती ढाल परत करताना : पाळकसाहेब आणि पंचमंडळाला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पाळकीणबाई, सगळे पंच, शब्बाथशाळेचे शिक्षक आणि महिला मंडळातल्या माझ्या मैत्रिणींनो,

सलाम.

पत्र लांबलंय, आधीच माफी मागते. मीटिंगमध्येच बोलणार होते पण तिथे दोन मिनिटं मिळतात आणि मला दोन मिनिटांत फक्त रडता येतं, म्हणून घरी बसून टाईप करतेय. मंडळीचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. माझं माहेर नगरकडचं, सासर पुण्यातलं, नातेवाईक पार मुंबईपर्यंत पसरलेले, आणि सगळीकडच्या मंडळ्यांत थोड्याफार फरकाने हेच चालतं, त्यामुळे ज्याला लागू होईल त्याने घ्यावं.

तर विषय असा की मागच्या वर्षी कुटुंब सप्ताहात 'आदर्श ख्रिस्ती कुटुंब' म्हणून ती फिरती ढाल आम्हाला मिळाली. शंभरपैकी एक्याण्णव मार्क. उपस्थिती, रोजची कौटुंबिक प्रार्थना, मुलांचं वचन पाठांतर, दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा मंडळीला), मुलांची वागणूक, सगळ्याचे वेगवेगळे मार्क होते आणि कागदावर ते छान दिसत होते. ढाल फिरती आहे म्हणजे या महिन्यात परत करायचीच आहे, ती मी पुसून आणून देईन. माझं म्हणणं इतकंच आहे की ती पुढे कुणाच्या घरी जाऊ नये.

आता तुम्ही म्हणाल ज्यांना मिळालं तेच नाकं मुरडतायत. बरोबर आहे, पण मिळालं म्हणूनच बोलता येतंय मला, न मिळालेल्या बाईने हे लिहिलं असतं तर जळते म्हणाला असतात.

ढाल मिळाली त्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगते. फ्रिजवर मी एक तक्ता चिकटवला होता, सोमवार ते रविवार, दोघा मुलांसाठी, आणि समोर रकाने : बायबल वाचलं, प्रार्थना केली, वचन पाठ केलं, आई-बाबांचं ऐकलं. रोज रात्री ज्याने त्याने आपापली टिक करायची. शब्बाथशाळेतून, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गातून, आलेला तक्ता होता, मी फक्त त्याला लॅमिनेट करून आणलं (हो, मी त्यातली आहे, मी पिकनिकची यादीसुद्धा लॅमिनेट करते). तर सोमवारी रात्री दूध ठेवायला फ्रिज उघडायला गेले आणि बघते तर धाकट्याने रविवारपर्यंतच्या सगळ्या टिका करून ठेवलेल्या. सगळ्या. हिरव्या स्केचपेनने, एका ओळीत, अगदी सारख्या. नऊ वर्षांचं पोर. रविवारच्या 'आई-बाबांचं ऐकलं' समोर तर दोन टिका होत्या.

आज हसू येतंय. त्या रात्री नाही आलं. मी त्याला झोपेतून उठवलं, खुर्चीत बसवलं आणि प्रेषितांच्या कृत्यांतला पाचवा अध्याय सांगितला, हनन्या आणि सप्पीरा, देवाशी खोटं बोलले आणि जागच्या जागी मेले. माझा आवाज चढलेला होता, शेजारच्यांनी ऐकला असणार. तो काही बोलला नाही, मान खाली घालून बसला, मग जाऊन झोपला. मध्यरात्री कधीतरी आमच्या खोलीत आला, माझ्या बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, आई, मी सकाळी उठेन ना?

एक्याण्णव मार्क.

मी त्याला जवळ घेतलं, सॉरी म्हटलं, पण काय म्हणणार, माझ्या तोंडून देव हा शब्द ऐकून माझं लेकरू अंधारात घाबरून उभं होतं. आणि खरी गोष्ट अजून पुढेच आहे. त्याच आठवड्यात महिला मंडळात मी साक्ष दिली होती की आमच्या घरी रोज साडेआठला न चुकता प्रार्थना होते. रोज? त्या आठवड्यात दोनदा झाली होती. एकदा कुकरच्या शिट्ट्यांत, आणि एकदा अशी की लेकीने कानात इअरफोन ठेवूनच डोळे मिटले होते आणि धाकटा 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडून विचारत होता, सगळी कडवी म्हणायची का. म्हणजे त्याने टिका आगाऊ केल्या त्या कुणाकडून शिकला? मी तर मागाहून टिका करणारी. हनन्याच्या बाजूच्या खुर्चीत मीच बसायला हवं होतं.

यानंतर मी विचार करायला लागले की हे आपल्यात आलं कुठून. सगळ्याच आयांना मुलं चांगली निघावी असं वाटतं, ते जगभर आहे, पण आपलं जरा वेगळं आहे. आपल्याला ती चांगली दिसावी लागतात. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातली, तिचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली, पण आमच्याकडच्या बऱ्याच घराण्यांचे बाप्तिस्मे झाले ते १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर, आणि त्यामुळे 'धान्यासाठी बाटले' हे वाक्य पिढ्यानपिढ्या कानावर पडलेलं. त्यात बहुतेक जण महार-मांग समाजातून आलेले, गावाने ज्यांना विहिरीपाशी येऊ दिलं नाही असे. आजी सांगायची की रविवारी उपासनेला जाताना तिची आई पाच पोरांच्या डोक्याला तेल चोपडायची, नखं बघायची, गुंडी तुटली असेल तर काटा लावायची आणि म्हणायची, गाव बघतंय. अक्खं गाव खरंच बघायचं. पोरगं शिवी देताना सापडलं तर ती एका पोराची शिवी नसायची, ती ख्रिस्ती झालेल्या सगळ्यांची शिवी व्हायची.

त्या बाईला मी नावं ठेवणार नाही, माझी हिंमतच नाही. तिने तसं केलं म्हणून आज मी एसी ऑफिसात नोकरी करतेय. पण तिच्यावर गाव बघत होतं म्हणून ती तेल लावत होती. माझ्यावर कोण बघतंय? माझ्या सोसायटीत अर्ध्या लोकांना मी ख्रिस्ती आहे हे नाताळच्या फराळाचं ताट गेल्यावर कळतं. माझ्यावर बघतंय ते आपणच, मंडळीतले, तिसऱ्या बाकावरून. म्हणजे गाव गेलं आणि गावाचे डोळे आपण घरी घेऊन आलो.

बरं, आपण ज्या घरांची उदाहरणं देतो ती तरी कुठे तशी होती. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं घ्या. आपल्या प्रत्येक कार्यक्रमात त्यांचं भजन होतं. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि घर दुभंगलं, पुढची चार-पाच वर्षं त्यांची बायको लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू एकीकडे, टिळक दुसरीकडे. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. नंतर एकत्र आल्यावरही त्या घरात रुसवेफुगवे होते, पैशांची ओढाताण होती, टिळकांचा विसरभोळेपणा आणि उधळा हात होता, आणि लक्ष्मीबाईंनी ते सगळं काही न झाकता, हसत हसत लिहून ठेवलं. आईच्या मागे लागून तिला लिहितं केलं ते त्याच दत्तूने. आता सांगा, आपल्या फॉर्मवर या कुटुंबाला किती मार्क पडले असते? उपस्थितीतच गेले असते.

पंडिता रमाबाईंचंही तेच. विधवा बाई, एकटीने मुलगी वाढवणारी, इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये तिथे बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच सल्ले सुरू झाले. लेकीला, मनोरमेला, धर्मशिक्षण कसं द्यायचं यावरून तिथल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांचे खटके उडाले, ती पत्रं छापून आलेली आहेत, वाचा जरूर. सिस्टरचा हेतू वाईट नव्हता, जीव होता त्यांचा मायलेकींवर. पण रमाबाईंनी आपल्या लेकीच्या बाबतीतला निर्णय आपल्या हातातून जाऊ दिला नाही. मला ते वाचताना आपल्या महिला मंडळातल्या दोन-तीन मावशी आठवल्या, नावं नाही घेत, त्यांचाही जीव आहे.

आणि बायबलातली घरं? शब्बाथशाळेत आपण लहान शमुवेल शिकवतो, रात्री देवाची हाक येते आणि तो उठून म्हणतो की मी ऐकतोय. गोड गोष्ट, मीच शिकवलीय चार वेळा, फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं लावून. पण त्याच पुस्तकाचा आठवा अध्याय कुणी मुलांना काय, मोठ्यांनाही शिकवत नाही, जिथे याच शमुवेलाची मुलं बैर-शेब्यात न्यायाधीश होऊन लाच खातात. शमुवेल कुठे चुकला ते बायबल सांगत नाही. त्याच्या आधीच्या एली याजकाला मुलांवरून बोल लावलाय, शमुवेलाला नाही. कधीकधी चांगल्या बापाची मुलं वाकडी जातात आणि पवित्र शास्त्र त्याचं कारण न देता पुढे जातं, आपल्यालाच ते जमत नाही, आपण लगेच त्या बापाच्या घरी चहाला जाऊन विचारतो, प्रार्थना करत होतात ना?

सगळ्यात आवडती माझी लूकच्या दुसऱ्या अध्यायातली. सण संपवून योसेफ आणि मरीया यरुशलेमेहून निघतात, नातेवाइकांत असेल कुठेतरी असं समजून दिवसभर चालत राहतात आणि मग लक्षात येतं की बारा वर्षांचं पोर बरोबर नाहीये. जत्रेत हरवलेलं पोर आणि एसटी पुढे निघून गेलेली, तसलं. मंदिरात सापडतो तोवर तीन दिवस झालेले असतात, आई सगळ्यांसमोर बोलते त्याला, तो उलट उत्तर देतो आणि लूक सरळ लिहितो की त्याचं बोलणं आईबापांना कळलं नाही. आपण यातून काय शिकवतो, तर बाळ येशू किती हुशार. तीन दिवस ती बाई झोपली असेल का, योसेफाला काय काय बोलली असेल, हे एकदा तरी कुणी उपदेशात आणावं. देवाने पुत्र ज्यांच्याकडे सोपवला त्यांनी तो एकदा हरवला होता. आपल्या पंचांनी त्या वर्षी त्यांना ढाल दिली नसती हे नक्की.

आता नीतिसूत्रे बावीस-सहा. हे वचन माझ्या लग्नात भिंतीवर टांगायला मिळालं आणि दोन्ही मुलांच्या बाप्तिस्म्याला कार्डावर छापलेलं होतं. मुलाला शिक्षण दे म्हणजे म्हातारपणी तो ते सोडणार नाही. आपण ते वॉरंटी कार्डासारखं वापरतो, यंत्र बिघडलं म्हणजे तुम्हीच नीट वापरलं नसणार. पण ते सूत्र आहे हो, सूत्रं अशीच असतात, बहुतेक वेळा असं असं होतं असं सांगणारी. आणि आपल्या मराठी बायबलात त्यात दोन शब्द आहेत जे आपण पटकन म्हणताना गिळून टाकतो : 'स्थितीस अनुरूप'. मुलाच्या स्थितीस अनुरूप. ज्याने कुणी हे मराठीत असं आणलं त्याचे मला पाय धरावेसे वाटतात. शब्बाथशाळेच्या वहीला अनुरूप नाही, मंडळीला अनुरूप नाही, समोर जे पोर बसलंय त्याच्या स्थितीला.

माझी लेक पंधराची आहे. तिने या वर्षी दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीसमोर आपला विश्वास स्वतः कबूल करायच्या तयारीच्या, वर्गाला बसायला नाही म्हटलं. भांडून नाही, शांतपणे, पोहे खाता खाता, मला अजून माहीत नाही मी हे सगळं मानते का, आणि सगळ्यांसमोर उभं राहून खोटं कसं म्हणू. मी हातातला चमचा खाली ठेवला. एक वर्षापूर्वीची मी असते तर तिला काय काय ऐकवलं असतं मला माहीत आहे. आता मला फक्त एवढंच दिसलं की जी गोष्ट धाकटा फ्रिजवर करून बसला ती करायला ही नाही म्हणतेय. म्हटलं ठीक आहे, थांब. ती अजूनही रविवारी येते, मागे बसते, गिटार वाजवायला लागलं तर वाजवते.

पण तिचं नाव यादीत नाही म्हटल्यावर मला तीन फोन आले. एका काकांनी विचारलं, घरात उपासना होते ना? एका ताईंनी सांगितलं, मोबाईल काढून घे. आणि तिसरा फोन ज्यांचा होता त्यांचं स्वतःचं मूल गेली दोन वर्षं चर्चची पायरी चढलेलं नाही, त्या फक्त रडल्या आणि म्हणाल्या, तू निदान बोलतेस तरी. त्या आता महिला मंडळात येत नाहीत, तुमच्या लक्षात आलंय का? आजारी वगैरे नाहीयेत त्या. त्यांना लाज वाटते.

आणि ते पंच काका, ज्यांनी किती वर्षं दर नाताळला स्टेजचे खांब स्वतः रोवले. मुलगा प्यायला लागला. मीटिंगमध्ये कुणीतरी तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय उघडला, ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही वगैरे, आणि काकांनी तिथेच राजीनामा लिहून दिला. नियमाला धरून झालं असेल, मी पंच नाही, मला काय कळतंय. पण ज्या आठवड्यात त्यांचा मुलगा दवाखान्यात होता त्या आठवड्यात त्यांच्याकडे जेवणाचा डबा घेऊन कोण गेलं हे मला माहीत आहे, कारण तो डबा शेजारच्या मुस्लिम कुटुंबाकडून गेला.

येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राचा बाप आपल्याला फार आवडतो. पण तोही पोराला जाण्यापासून अडवू शकला नव्हता, हिस्सा मोजून हातात दिला त्याने. त्याला पंचमंडळात ठेवलं असतं का आपण?

मी काय मागतेय ते सांगते म्हणजे नुसतं रडगाणं होणार नाही. ढाल बंद करा हे तर झालंच. वचन पाठांतराच्या स्पर्धेत ज्याला आठवणार नाही त्याला बायबल उघडून वाचू द्या, वाचणं काही पाप नाही, आणि आई-बापांना पहिल्या रांगेत बसवू नका, आम्ही ओठ हलवतो आणि पोरं आमच्या तोंडाकडे बघून घाबरतात. दृढीकरणाची बॅच वयावर नको. 'छडी' वरचा तो उपदेश दरवर्षी मे महिन्यात होतो, यंदा त्याच्याऐवजी कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं घ्या, जिथे बापांना सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका. 'चिरडीस' हा शब्द फळ्यावर लिहून अर्धा तास त्याच्यावरच बोला पाळकसाहेब, घरोघरी तेच चाललंय. आणि त्या काकांच्या घरी जा. सगळे मिळून नाही, शिष्टमंडळ नको, एकेकटे जा आणि मुलाचा विषय काढू नका, स्टेजच्या खांबांचं विचारा, या वर्षीचे वाकडे लागलेत म्हणावं.

शिस्त नकोच असं मी म्हणत नाहीये, हे लिहून ठेवते नाहीतर उद्या व्हॉट्सॲपवर तेच फिरेल. धाकट्याने परवा शेजारच्या पोराची सायकल न विचारता नेली, त्याला मी परत पाठवलं, माफी मागायला लावली, दोन दिवस खेळ बंद. फरक इतकाच की हनन्याला मध्ये आणलं नाही.

तक्ता मी काढलाय. लॅमिनेशनमुळे टेपचे चार डाग राहिलेत फ्रिजवर, घासून जात नाहीत. प्रार्थना होते, कधी आठवड्यातून चारदा, कधी एकदा, आणि हल्ली धाकटा स्वतःहून एकच कडवं निवडतो आणि ते मोठ्यांदा, बेसूर म्हणतो. मध्ये एका रात्री त्याने प्रार्थनेत म्हटलं, देवा, आईला ऑफिसात ओरडा पडू नये म्हणजे ती आम्हाला ओरडणार नाही. मी आमेन म्हटलं.

काही जास्त-कमी बोलले असेन तर लहान समजून सोडून द्या. ढाल रविवारी आणते, चर्चच्या ऑफिसातल्या कपाटात वरच्या फळीवर जागा करून ठेवा. आम्हाला दहा मिनिटं उशीर होईल. मागचं बाक राखून ठेवा आणि धाकट्याच्या पायात चपला दिसल्या तर काही बोलू नका, कालपासून बूट एकच सापडतोय.

तुमच्याच मंडळीतली,
दोन मुलांची आई